काळ्या खिडकीतला माणूस

१४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १० मधून अंग काढून घेतलं. लॅपटॉप चालत राहणार, पण सुरक्षेचे नेहमीचे अपडेट बंद. नवं विंडोज ११ घालावं, तर त्याला टीपीएम २.० नावाची भानगड लागते आणि कंपनीच्या यादीतला प्रोसेसर लागतो. आठ-दहा वर्षांच्या, अजून धडधाकट असलेल्या लॅपटॉपांकडे यातलं काही ना काही नसतंच. बातमी वाचून घरोघरच्या ज्येष्ठ नागरिकांच्या कपाळाला आठ्या पडल्या. त्या वर्षी दिवाळी पुढच्या आठवड्यात होती, पण प्रत्येक सोसायटीत एका माणसाने ती त्याच दिवशी साजरी केली.

तो लिनक्सवाला.

हा मनुष्य लांबूनही ओळखू येतो. चाळिशी ओलांडलेली असते. नोकरी हिंजवडीला किंवा खराडीला, तिथे कंपनीच्या सक्तीने दिवसभर विंडोज वापरायचं आणि घरी आल्यावर आधी हातपाय धुऊन मग विंडोजच्या जागी बसवलेलं लिनक्स उघडायचं. घाई असली की हातपाय राहतात. लॅपटॉपच्या झाकणावर इतके स्टिकर की मूळ कंपनी कोणती ते कळत नाही, आणि हेतूही तोच. अंगात पेंग्विनचा टी-शर्ट. पुण्यात सिंबायोसिसच्या संगणक संस्थेत 'ग्नूनिफाय' नावाचा मेळावा भरायचा, तिथला. आता त्यावरचा पेंग्विन काळ्याचा करडा झालाय. किल्ल्यांच्या जुडग्यात घराची किल्ली एक आणि पेनड्राइव्ह चार. त्यातला कुठला कशाचा हे तो अंधारात हाताने चाचपून सांगू शकतो. घराची किल्ली मात्र त्याला सापडत नाही.

कॉलेजात असताना 'पीसीक्वेस्ट' मासिकाबरोबर आलेल्या लिनक्सच्या सीडीने त्याला बिघडवलं. मग २००४ मध्ये उबुंटू नावाचं लिनक्स निघालं. त्यांची पुढे एक योजना होती: पत्ता कळवा, सीडी घरपोच, टपालखर्चही त्यांचाच. परदेशी तिकिटांचं पाकीट घेऊन पोस्टमन दारात उभा राहिला तेव्हा मुलाला बाहेरची नोकरी लागली असं समजून त्याच्या आईने देवापुढे साखर ठेवली होती. पाकिटातून चकत्या निघाल्या. त्याने एकाच वेळी पुष्कळ मागवल्या होत्या, कारण फुकट होत्या आणि जग बदलायचं होतं. काही मामा-काकांना वाटल्या, उरलेल्या आईने गॅलरीत कबुतरं हाकलायला टांगल्या. २०११ मध्ये उबुंटूने ती योजना बंद केली. कबुतरं त्याआधीच सरावली होती.

चालू कॉम्प्युटरमध्ये या माणसाला काडीचा रस नाही. सगळं सुरळीत असलं की तो बेचैन होतो. मग पडद्याचा रंग बदलतो, अक्षरांचा टाइप बदलतो, आणि तेवढ्याने भागलं नाही तर चांगलं चाललेलं लिनक्स पुसून दुसरं घालतो. त्याला हवा असतो बिघाड, आणि बिघाडांतही त्याचा लाडका म्हणजे वायफाय न दिसणं.

यामागे इतिहास आहे आणि तो इतिहास तुम्ही विचारला नाहीत तरी तो सांगतो. लिनक्स घातलं की कीबोर्ड, पडदा, माउस बिनबोभाट चालतात. वायफायचं दुखणं जुनं. चिपा बनवणाऱ्या कंपन्यांपैकी पुष्कळजणी आपली चिप कशी चालते हे वर्षानुवर्षं कोणाला सांगत नव्हत्या. ती चालवणारा प्रोग्रॅम, म्हणजे ड्रायव्हर, फक्त विंडोजसाठी. मग लिनक्सवाल्यांनी त्या ड्रायव्हरांच्या हालचाली निरखून, अंदाज बांधत, आपले ड्रायव्हर लिहिले. ब्रॉडकॉमच्या चिपांसाठी तर एक कात्रीच होती. विंडोजच्या ड्रायव्हरमधून चिपेला लागणारा तुकडा कापून काढायचा आणि लिनक्सला द्यायचा. त्याहून जुना मार्ग म्हणजे 'एनडीआयएसरॅपर', ज्यात विंडोजचा अख्खा ड्रायव्हर गुंडाळून लिनक्सच्या गळी उतरवायचा. ते दिवस सांगताना तो आवाज खाली आणतो. तरुणपणी बाहेर काय काय खाल्लं हे सांगताना काही शाकाहारी घरांतली माणसं असाच आवाज खाली आणतात. २०१० च्या सप्टेंबरात ब्रॉडकॉमने नव्या वायफाय चिपांसाठी उघडा, म्हणजे ज्याचा मजकूर कोणीही वाचावा असा, ड्रायव्हर दिला. हा महिना त्याला कोणी विचारत नाही. तोच सांगतो.

या लिनक्सवाल्यांत दोन पंथ आहेत. एक सोवळ्यातला. चिपेच्या आत चालणारा जो बारीकसा बंदिस्त प्रोग्रॅम असतो, ज्याला फर्मवेअर म्हणतात, तोही उघडा असल्याशिवाय हे लोक वायफायला शिवत नाहीत. अशी चिप मिळणं दुर्मीळ. एथेरॉसच्या एका जुन्या यूएसबी चिपचं फर्मवेअर उघडं झालं, म्हणून तिचे कांडीएवढे डोंगल हे लोक देवघरात ठेवावेत इतके जपतात. दुसरा पंथ म्हणतो, आधी वायफाय चालू दे, स्वातंत्र्याचं जेवणानंतर पाहू. २०२२ मध्ये डेबियन नावाच्या लिनक्सच्या कर्मठ घरातसुद्धा मतदान झालं आणि बंदिस्त फर्मवेअरला अधिकृत इन्स्टॉलरच्या आत प्रवेश मिळाला. २०२३ च्या जूनमधल्या 'बुकवर्म' आवृत्तीपासून तो अमलात आला. सोवळ्यातले त्या दिवसापासून थोडे फटकून असतात. आमच्या सोसायटीतला दुसऱ्या पंथाचा आहे, म्हणूनच त्याच्याकडे कामं येतात.

आमच्या शेजारचे काका राष्ट्रीयीकृत बँकेतून निवृत्त झालेले. लॅपटॉप कॅनडातल्या मुलाने दिलेला. गरजा माफक: मेल, बँकेचा हिशेब आणि रात्री जुनी नाट्यगीतं. विंडोजची सूचना पडद्यावर झळकल्यापासून त्यांना झोप नव्हती. लिनक्सवाल्याला हे लिफ्टमध्ये कळलं आणि लिफ्ट खाली पोचायच्या आत लॅपटॉपचं भवितव्य ठरलं.

पेनड्राइव्हवर लिनक्स मिंट होतं. विंडोजहून येणाऱ्याला ते कमी बिचकवतं, म्हणून काकामंडळींना तो हेच देतो. आता, काही न पुसता पेनड्राइव्हवरूनच लिनक्स चालवून बघता येतं. वायफाय दिसतं का, आवाज येतो का, हे आधी पाहायचं आणि मगच बसवायचं. हा नियम तो साऱ्या जगाला सांगतो. स्वतः पाळत नाही. वायफाय आधीच दिसलं तर मग राहिलं काय?

काकांनी फाइलींची नक्कल काढलेली होती. बँकेतली सवय. मिंट अर्ध्या तासाच्या आत बसलं. मिंटवाल्यांची रीत अशी की प्रत्येक आवृत्तीला बाईचं नाव द्यायचं, शेवटी 'आ' येईल असं. बाविसावीचं नाव विल्मा. ते पडद्यावर आलं तेव्हा काकू चहा घेऊन आल्या.

"ही विल्मा कोण?"

"नवीन आहे," काका म्हणाले.

काकूंनी कप जरा जोरात ठेवला.

"आता लावा नाट्यगीत," काका म्हणाले. कोपऱ्यात जिथे वायफायची खूण असायला हवी तिथे काही नव्हतं. काकांचा चेहरा उतरला. याचा फुलला. "अरे वा!" असं तो म्हणाला. खरंच म्हणाला, मी तिथेच बसलो होतो.

मग त्याने काळी खिडकी उघडली. तिला टर्मिनल म्हणतात. तिच्यात माउस नाही, चित्र नाही. आपण पांढऱ्या अक्षरांत हुकूम सोडायचा आणि मशीनने पांढऱ्या अक्षरांत उत्तर द्यायचं. एरवी चारचौघांत हा मनुष्य खांदे पाडून उभा असतो. काळ्या खिडकीपुढे त्याचा कणा सरळ होतो. 'एलएसपीसीआय' असा हुकूम, लागतील त्या शेपट्या जोडून, सुटला आणि लॅपटॉपच्या पोटात काय काय आहे त्याची यादी उतरली. प्रत्येक वस्तूपुढे चौकटी कंसात दोन आकडे. पहिला कंपनीचा, दुसरा त्या वस्तूचा.

"डब्यावरच्या नावावर जायचं नाही, काका. एकाच मॉडेलच्या दोन लॅपटॉपांत वेगवेगळी वायफाय चिप निघते. हा नंबर खरा. इंटेलचा नंबर बघा, ८०८६. का माहितीये?"

"त्यांचा जुना प्रोसेसर," काका म्हणाले.

तो थबकला. काका चष्मा पुसत म्हणाले, "बँकेत आमच्याकडे असाच काळा पडदा होता रे. नव्वदच्या सुमाराला. युनिक्स म्हणायचे. मी दिवसअखेर बॅकअप घ्यायचो टेपवर."

लिनक्स हे युनिक्सच्या धर्तीवर रचलेलं. हेलसिंकीतल्या एकवीस वर्षांच्या लिनस तोरवाल्ड्सने २५ ऑगस्ट १९९१ ला ते जाहीर केलं, तेव्हा आमचे काका एका शाखेत बसून त्याच्या थोरल्या घराण्याचं मीठ खात होते. लिनक्सवाल्याने फक्त लोटांगण घालायचं बाकी ठेवलं.

निदान झालं. चिप दिसत होती, पण तिच्या नावाखाली ड्रायव्हरची ओळ यायला हवी तिथे कोरी जागा. ड्रायव्हर डाउनलोड करायचा तर इंटरनेट हवं. इंटरनेट हवं तर ड्रायव्हर हवा. विहिरीत पडलेला पोहरा काढायला तोच पोहरा. त्यासाठी गावाकडे गळ असायचा, आणि इथला गळ म्हणजे मोबाइल: केबलने लॅपटॉपला जोडायचा, 'यूएसबी टेदरिंग' चालू करायचं, मोबाइलकडे असलेलं इंटरनेट तारेतून खाली उतरतं. काकांच्या मोबाइलचं चार्जिंगचं भोक ढिलं होतं. सर्वांनी काकूंकडे पाहिलं.

"केबल आहे का? नुसत्या चार्जिंगची नको, डेटाची."

हा प्रश्न ज्याने घरातल्या बाईला विचारलाय त्यालाच त्याचं गांभीर्य कळेल. पुष्कळ स्वस्त केबलींत फक्त वीज नेणाऱ्या तारा असतात, माहितीच्या नसतात, आणि बाहेरून दोन्ही सारख्याच दिसतात. ड्रॉवर उपसला गेला. ट्रिमरची केबल, पंख्याची केबल, कुणाच्या तरी मुंजीत भेट मिळालेल्या स्पीकरची केबल. शेवटी जी चालली ती वीतभर होती. त्यामुळे काकूंचा मोबाइल लॅपटॉपला चिकटून राहिला, आणि भिशीचा फोन आला तेव्हा काकूंना टेबलावर ओणवं होऊन, लिनक्सवाल्याच्या कोपराशेजारी तोंड नेऊन बोलावं लागलं. "अगं नाही, मी वाकलेय. विल्मा आलीय घरी. मग सांगते."

मिंटमध्ये 'ड्रायव्हर मॅनेजर' नावाची एक खिडकी आहे. इंटरनेट मिळालं की ती पुष्कळदा स्वतःच शोधून सांगते, ही चिप, हा ड्रायव्हर, बसवू का? दोनदा माउस दाबला की काम होतं. त्याला हे ठाऊक आहे. ती खिडकी त्याने उघडली नाही. काळ्या खिडकीत ओळीमागून ओळ धावायला लागली, ड्रायव्हर तिथल्या तिथे कर्नलला, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याला, बेतून तयार होऊ लागला, आणि तो खुर्चीत मागे रेलून गोष्टी सांगायला मोकळा झाला.

त्यातली एक गोष्ट मला मनापासून आवडते. एक यूएसबीचं वायफाय डोंगल मिळतं, ते लावलं की कॉम्प्युटरला वाटतं सीडी ड्राइव्ह लागला! कारण त्याच्या पोटात विंडोजचा ड्रायव्हर भरलेला असतो आणि तो देता यावा म्हणून ते आधी सीडीचं सोंग घेतं. लिनक्सला ती सीडी नकोच असते. मग अस्तित्वातच नसलेली ती सीडी बाहेर काढण्याचा हुकूम सोडायचा, की डोंगल सोंग टाकून वायफाय होतं. दुसरी गोष्ट अँटेनाची. काही लॅपटॉप बनवणाऱ्यांनी खर्च वाचवायला दोनाऐवजी एकच अँटेना बसवली, तीही दुसऱ्या खुंटीला. ड्रायव्हर कान लावून बसायचा पहिल्या खुंटीकडे. लोक राउटरच्या कुशीत बसून मेल बघायचे. एका फाइलीत एक ओळ लिहायची, अँटेना क्रमांक दोन, की शेजारच्या इमारतीचंही वायफाय दिसायला लागायचं.

तिसरी गोष्ट सगळ्यांत थोरली. मुक्त सॉफ्टवेअरची ही अख्खी चळवळच एका प्रिंटरवरून सुरू झाली, असं तो सांगतो, आणि त्यात तथ्य आहे. अमेरिकेत एमआयटीच्या प्रयोगशाळेत झेरॉक्सचा लेझर प्रिंटर आला होता. त्यात कागद अडकायचा आणि कोणाला पत्ता लागायचा नाही. रिचर्ड स्टॉलमनला त्याच्या प्रोग्रॅममध्ये दुरुस्ती करायची होती, कागद अडकला की प्रिंटरनेच कळवावं अशी. प्रोग्रॅमचा मजकूर ज्याच्याकडे होता त्याने दिला नाही. राग डोक्यात राहिला, आणि १९८३ मध्ये स्टॉलमनने ग्नू या मुक्त प्रणालीच्या प्रकल्पाची घोषणा केली. "विकत घेतलेल्या वस्तूला आपण प्रश्न विचारू शकलो पाहिजे, काका," तो म्हणाला. हे वाक्य मला त्याच्या इतर हजार वाक्यांपेक्षा पटतं. काकांनीही मान डोलावली. बँकेत आयुष्य गेलेल्या माणसाला खातेवही उघडी असण्याचं महत्त्व सांगावं लागत नाही.

"जगातले सगळ्यांत वेगवान ५०० महासंगणक आहेत ना, २०१७ पासून पाचशेच्या पाचशे लिनक्सवर चालतात. मंगळावर नासाचं हेलिकॉप्टर उडालं, त्यात लिनक्स होतं."

"मंगळावर चालतं," काकू मोबाइलकडे बघत म्हणाल्या, "कोथरूडात चालत नाही."

मध्येच पडद्याने एक पासवर्ड ठरवायला सांगितला. सिक्युअर बूट नावाचा पहारेकरी असतो. ओळखीच्या सहीशिवाय तो कुठल्या ड्रायव्हरला आत सोडत नाही. म्हणून मशीन पुन्हा सुरू होताना निळा पडदा येतो, तिथे कळ दाबून 'ही सही माझ्या ओळखीची' असं सांगावं लागतं. त्यासाठी मुदत दहा सेकंद. काकांनी पासवर्ड भिंतीवरच्या कॅलेंडरवर, गॅस सिलिंडरच्या तारखेखाली लिहिला. मशीन पुन्हा सुरू झालं. निळा पडदा आला तेव्हा आपले गृहस्थ काकूंच्या चकलीची पाठ थोपटत होते. पडदा गेला. सगळं पहिल्यापासून.

दुसऱ्या खेपेला कळ काकांनी दाबली. कोपऱ्यात वायफायची खूण उगवली, वरच्या मजल्यावरच्यांची, जिमची, वॉचमनच्या हॉटस्पॉटची नावं खाली ओळीने लागली. नाट्यगीत सुरू झालं. काकू स्वयंपाकघरातून बाहेर आल्या, काकांनी डोळे मिटले. लिनक्सवाल्याचा चेहरा मात्र परत सपाट झाला. चालतंय म्हटल्यावर त्याने सॅक आवरली.

त्याच्या बायकोला हे सगळं पाठ आहे. ती एका शाळेत गणित शिकवते आणि घरात विंडोज वापरते, उघडपणे. तिने सांगितलेली कथा अशी: एकदा यांच्या स्वतःच्याच लॅपटॉपचं वायफाय गेलं. रात्रभर बसून यांनी ड्रायव्हर बदलले, मग अख्खा कर्नल स्वतः बांधून काढला. सकाळी कामाच्या मावशींनी टेबल पुसताना लॅपटॉपच्या कडेवरून फडकं फिरवलं आणि वायफाय आलं. कडेला त्याचं बारीक बटण होतं. "'आरएफकिल' म्हणून एक हुकूम आहे म्हणे," ती म्हणाली, "तो विचारला असता तर सांगितलं असतं, बटणच बंद आहे. पण तो पहिला विचारायचा असतो, आणि यांना शेवटून सुरुवात करायची सवय." तो शेजारी बसून हसत होता. त्याचं म्हणणं, त्या रात्री कर्नलबद्दल जे कळलं ते एरवी कधी कळलं नसतं. मावशींना काय कळलं हे त्याने विचारलं नाही.

काकांचा लॅपटॉप त्यानंतर इतका नीट चालला की लिनक्सवाला हवालदिल झाला. बागेत फिरताना गाठायचा. "काही त्रास?" "छे!" "आवाज? प्रिंटर? ब्लूटूथ?" "सगळं छान." दर भेटीत तो थोडा थोडा वाळत चालला. शेवटी एक दिवस म्हणाला, "अपडेट तरी करून घ्या."

काकांनी अपडेट केलं. नवा कर्नल आला, आणि बाहेरून आणलेला ड्रायव्हर त्या नव्या कर्नलवर काही बांधला गेला नाही. वायफाय गेलं. बातमी त्याला कळली आणि तो चपला घालायच्या आत आमच्या मजल्यावर पोचला. सॅक होती, चपला नव्हत्या. मीही मागोमाग गेलो, असे प्रयोग चुकवायचे नसतात.

आत नाट्यगीत चालू होतं.

"वायफाय गेलं होतं ना?"

"गेलं होतं," काका म्हणाले. त्यांच्यासमोर लांबट वही होती, तारखेवार नोंदींची. बँकेतून निवृत्त झालेला माणूस नोंद केल्याशिवाय पाणी पीत नाही. लिनक्सवाल्याने उच्चारलेला प्रत्येक हुकूम त्यात देवनागरीत उतरवलेला होता: सुडो, मोडप्रोब, डीमेसेज. "तू एकदा म्हणाला होतास, जुना कर्नल मशीन टाकून देत नाही. सुरू होताना मेनू आणायचा आणि जुना निवडायचा. निवडला. आलं."

लिनक्सवाला काही बोलला नाही. त्याच्या चेहऱ्यावर अभिमान आणि बेकारी एकदम दिसत होती.

"पण मला ते पटलेलं नाही," काका म्हणाले. "जुन्यावर चालतं, मग नव्यावर का नाही? ताळा लागला पाहिजे. बस इथे." आणि त्यांनी स्वतःच काळी खिडकी उघडली.

"इंटरनेट लागेल," तो खुर्ची ओढत म्हणाला. "काकू, मोबाइल—"

काकू तोवर दारात पोचल्या होत्या. मोबाइल पर्समध्ये, ती वीतभर केबलही पर्समध्ये. "मी खाली बागेत आहे," त्या म्हणाल्या, "आणि त्या विल्माला सांगा, चहा तिने करायचाय."